दर्याला फिरवणारे बळवंतकाका

आमच्या वाकोल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, बळवंतकाका आहेत. कोणी जिने चढून धापा टाकत पायरीवर टेकला, की काका त्याचं मनगट धरून त्याला गॅलरीत येरझाऱ्या घालायला लावतात. "धावल्यावर बसाचा नाय, फिराचा." कुरिअरवाला असो की मतं मागायला आलेला उमेदवार, सुटका कोणाचीच नाही. माझी तर भाजीच्या पिशव्यांसकट वरात निघते.

ही सवय अंधेरीच्या घोडेस्वारी क्लबातली. तिथे काका मोतद्दार होते आणि अडथळ्यांवरून उड्या मारणारी दर्या नावाची घोडी त्यांच्या ताब्यात होती. घरी स्वतःचं ताट न उचलणारा हा माणूस तिच्या खुरांतली माती मात्र गणपतीचं मखर सजवावं तशी मन लावून काढायचा, हे मंजुळाकाकू अजून ऐकवतात.

दर्याचं वय झालं तेव्हा क्लबाने तिची चाचणी ठरवली. दमखम असेल तर आणखी स्पर्धा, नसेल तर कर्जतपलीकडच्या शेतावर आराम. शेतावर दर्या जाणार होती, काका नाही. त्यामुळे काकांनी चाचणीच्या आदल्या दिवशी मारुतीला नारळसुद्धा फोडला.

घोड्यांच्या डॉक्टर कल्पिताने काकांना सगळं समजावलं होतं. घोडी ठरलेल्या वेगाने दामटायची. त्या वेगात श्वासातला प्राणवायू पुरत नाही, स्नायू त्याच्यावाचून काम रेटतात आणि रक्तात लॅक्टेट साठतं. ते जितकं कमी, तितकी घोडी तयारीची. मात्र धावून आल्यावर, रक्त घेईपर्यंत तिला जागेवर उभी ठेवायची.

काकांनी मान डोलावली. दर्या फेसाळून आली, डॉक्टर रक्त तपासायच्या यंत्राची पट्टी शोधायला गाडीकडे वळली, आणि काकांचे पाय आपोआप चालू लागले. दमलेलं जनावर उभं ठेवणं म्हणजे काकांच्या लेखी पाहुण्याला दारात ताटकळवणं. पागेला वळसे घालून, थोडं दुडक्या चालीने पळवून ते परतले. तोवर लॅक्टेट बरंच ओसरलं होतं. आकडा झकास आला. स्वार सर्वेशने पेढे वाटले.

संध्याकाळी दर्याला खरारा करताना काकांना तिचे मागचे पाय थरथरताना दिसले. पेढा त्यांनी तसाच खिशात ठेवला होता. सकाळी ते डॉक्टरसमोर उभे राहिले.

"बाय, मी तिका आधी फिरवून हाडलंय. ता रगत खरा नाय."

"काका, गप्प बसला असतात तर राहिली असती ना इथे."

"ऱ्हवली असती. नि खयच्यातरी उडीत पाय मोडून घेतल्यान असतो."

चाचणी पुन्हा झाली. या वेळी काकांनी लगाम धरला आणि दर्याऐवजी स्वतःच जागच्या जागी पाय हलवत राहिले. आकडा वाईट आला.

दर्याला शेतावर नेणारी गाडी आली, तेव्हा वाटेत तिला कुठे उतरवून फिरवायचं याबद्दल काकांनी ड्रायव्हरचं इतकं डोकं खाल्लं, की त्याने कंटाळून काकांनाच शेजारी बसवलं. शेतावर काकांनी तिला अंधार पडेपर्यंत फिरवलं आणि एकटे परतले. पुढे त्यांनी दुसरी घोडी हाताळली नाही.

काल मी आंब्यांची पेटी घेऊन वर आलो. काकांनी नेहमीप्रमाणे मनगट धरलं. माझा श्वास शांत झाल्यावर ते थांबले आणि बाहेर बघता बघता त्यांनी माझी मान थोपटली.

मी आणखी एक फेरी मारली.