पॉवर सप्लायमधला नैवेद्य

मंडळी, मान पार अवघडलीय, तरी हे लिहितोच.

सकाळी घोटीहून एक काका माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आले. गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. एसटीत कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आलेले.

"कालपासून बंद पडलाय. उद्या शेवटची तारीख हाय, लोक दारात बसलेत."

पॉवर सप्लाय उघडला तर आत मुंग्याच मुंग्या, निम्म्या जळून सर्किटला चिकटलेल्या. आणि साखर!

"काका, ही साखर कुठून आली?"

"दसऱ्याला पूजा केली ना. साखर-खोबरं ठेवलं व्हतं वर."

ते वरच्या जाळीतून आत सांडलेलं.

तीन तास ब्रशने मुंग्या काढल्या, जळालेले पार्ट बदलले. हातासोबत तोंडही चालू होतं: मशीनवर खायचं काही ठेवू नका. काका दरवेळी मान हलवायचे.

शेवटी पंखा फिरला. काका लगबगीने समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आले. मी हात पुढे केला, तर पहिला पेढा त्यांनी कॅबिनेटवर ठेवला आणि हात जोडले.

"आधी त्याला. घर त्याच्यावर चालतं माझं."

परत समजवायचं त्राण माझ्यात नव्हतं. तुम्ही असता तर तो पेढा उचलला असता का?