जयसिंहरावांची शिंक

जयसिंहरावांचे पणजोबा म्हणे दरबारी मुदपाकखान्यात तूप हुंगून पास करायचे. त्यामुळे हजीरा मोहल्ल्यातल्या घरी वासाच्या बाबतीत जयसिंहरावांपुढे कुणाचं चालत नसे.

हल्ली शिंक आली की त्यांना कुजकट वास यायचा. दुसऱ्या कुणालाच येत नसे, पण बाकीच्यांची नाकं कुठे दरबारी होती? त्यांनी मोरी फोडायला लावली, बायकोनं, म्हणजे कुमुदिनीबाईंनी कढवलेलं तूप ओतून दिलं आणि खालच्या भाडेकरूशी ते हिंदीत कडाक्याचं भांडले.

शेवटी इंदरगंजचा डॉक्टर म्हणाला, "तुमची वरची दाढ किडलीय. पू सायनसमध्ये गेलाय, शिंकलात की त्याचाच वास येतो."

घरी येऊन जयसिंहराव ताठ मानेनं म्हणाले, "बघ कुमुदिनी! या घरात काहीतरी सडलंय, हे मी पहिल्यापासून सांगत होतो."