ईदचं अभ्यंग
बंबाचा धूर नाकात गेला की मला सांगलीतली एक ईद आठवते. सत्तरच्या दशकात इंजिनिअरिंग शिकायला आलेला एक सुदानी मुलगा आमच्याकडं भाड्यानं राहायचा. घरापासून दूर त्याची ती पहिलीच ईद. चांद दिसला तरी तो खोलीबाहेर आला नाही. पहाटे आईनं बंब पेटवून त्याचं दार वाजवलं. ‘‘ऊठ रं बाबा, सणाची आंघोळ करायची हाय.’’ ‘‘आई, दिवाळी न्हाई, ईद हाय!’’ मी ओशाळून म्हणालो. ‘‘सणच न्हवं?’’ म्हणत तिनं त्याला पाटावर बसवलं, डोक्यावर तेल थापलं, हातात उटणं दिलं. तो डोळे पुसत हसला, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, ‘‘माझी आई पण ईदला असंच उठवते, आंघोळीला.’’ आई आता नाही. पण अजून दर ईदला पहाटे त्याचा फोन येतो, आणि तो आधी विचारतो, ‘‘बंब पेटवला का?’’