शिडी कोणी धरायची होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगणार होतो — दोनदा ओठावर आलं, आणि दोन्ही वेळा आमटी छान झालीय म्हणून मोकळा झालो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्यापुढे जीभ रेटेल.

मी घरांवर सोलर बसवतो, कोल्हापुरात एका एजन्सीत. सरकारी अनुदान मिळतंय म्हटल्यावर कागलकडच्या खेड्यांतूनही लोक स्लॅबवर पॅनेल लावून घ्यायला लागले. त्या अनुदानाला एक अट असते. ज्याच्या नावावर मीटर, तो माणूस पॅनेलशेजारी उभा असलेला फोटो पोर्टलवर टाकावा लागतो. साधी गोष्ट. पण अण्णांच्या घरी पॅनेल बसवलं त्या दिवशी मी नुसत्या पॅनेलचा फोटो काढून आलो. फाईल परत आली. मालक चारचौघांत काय काय बोलले ते सांगत नाही. डोकं तापलेलं होतं, तसाच मी गाडीवर बसलो.

अण्णा सत्तरी ओलांडलेले, मीटर त्यांच्याच नावावर. मुलगा बाळू एमआयडीसीत दिवसपाळीला, घरी सून सुनंदा. स्लॅबवर जायला जिना नव्हता, लोखंडी शिडी लावायची. मी कशाला आलोय ते ऐकून सुनंदावहिनी म्हणाल्या, "अण्णांस्नी चक्कर येती हो दादा. सांजच्याला हे आलं की काढा की फोटो, हे धरतील शिडी."

मी बरं म्हणालो. मग त्या डेअरीत दूध घालायला गेल्या — आणि मी काय केलं? संध्याकाळपर्यंत बसून राहायचं? का पुन्हा खेप मारायची? वहिनी दिसेनाशा होताच मी अण्णांना म्हणालो, चला, दोन मिनिटांचं काम आहे. अण्णा हौसेनं धुतलेली टोपी घालून आले. चढले. पॅनेलजवळ उभे राहिले, हात कुठे ठेवायचे ते कळेना त्यांना. फोटो चांगला आला.

आता — आता खरं ते. मी आधी खाली उतरून शिडी धरायला हवी होती. पण स्लॅबवर रेंज चांगली होती. फोटो तिथूनच टाकून मोकळं व्हावं म्हणून मी मोबाईलमध्ये डोकं घातलं होतं. अण्णांनी विचारलं, "उतरू का रं?" मान वर न करता मी म्हणालो, उतरा.

शिडीसकट पडले. शेजाऱ्यांनी शिडी पुन्हा लावली तेव्हा कुठे मी खाली आलो. अण्णा शुद्धीवर आलेच नाहीत, तिसऱ्या दिवशी गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तर चूक म्हणता आली असती. पण दवाखान्यात बाळूनं माझा दंड धरून विचारलं, शिडी कोण धरून उभं होतं? आणि मी — अडखळलो तरी का? नाही, अगदी सहज — म्हणालो, वहिनींना धरायला सांगितलं होतं, त्या सोडून डेअरीला गेल्या.

त्या समोरच होत्या. ओरडून ओरडून सांगत होत्या, मी नको म्हणाले होते. त्यांची नणंद म्हणाली, "परका माणूस कशाला खोटं बोलंल?" विषय तिथंच मिटला. फोटो मंजूर झाला, वारसाची कागदपत्रं देऊन अनुदानही मिळालं. बाळूनं बायकोच्या हातचं पाणी घेणं सोडलं. नणंद माहेरी यायची बंद झाली. हे सगळं मला माहीत आहे, कारण पॅनेल तपासायला त्या घरी मीच जातो. मला लाज वाटते. वाटते, आणि मी पुन्हा जातो.

परवा गेलो होतो. काम उरकलं, वहिनींनी चहा आणून दिला. फार वाळल्यात. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दादा, मला धरायला सांगितलं हुतं व्हय तुम्ही? समदी म्हणत्यात... मला आता आठवंनाच झालंय."

रागानं नाही हो. खरंच विचारत होत्या. घरात आम्ही दोघंच. खरं बोलायला मला कोण अडवणार होतं?

मी म्हणालो, "व्हय वहिनी, सांगितलं होतं." आणि उरलेला चहा पिऊन टाकला.