दाराशी जाणारा माणूस

बुरुलकान नेमकं काय काम करते, हे तिच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बारा वर्षांत कळलं नव्हतं. बिश्केकच्या कचेरीत सगळे तिला एजे म्हणायचे, म्हणजे ताई. पण ताईच्या घरी चहाला म्हणून कधी कुणी गेलं नाही. तिनं बोलावलंही नाही म्हणा.

गावोगावच्या इस्पितळांतून निघणारे निरोप ज्याचे त्याला पोचवणारी यंत्रणा ती सांभाळायची. यंत्रणेचं नाव जारची, म्हणजे दवंडीवाला. अमक्याचा रक्ततपास झाला, तमकीला मुलगी झाली, असं इस्पितळ एकदा सांगून मोकळं होतं. ज्यानं ज्या बातमीसाठी नाव नोंदवलं असेल, त्याच्याच फोनवर ती वाजते. सांगणाऱ्याला ऐकणारा ठाऊक नसतो, ऐकणाऱ्याला सांगणारा दिसत नाही. बुरुलकानला ही व्यवस्था फार मानवली होती. तोंड न दाखवता माणसांच्या उपयोगी पडायचं, आणखी काय हवं?

एका बाबतीत मात्र ती हटून बसली होती. सुरुवातीला मरणाची बातमीही औषध तयार असल्याच्या बातमीसारखीच फोनवर जायची. बाजारात दह्याच्या सुक्या गोळ्या विकणाऱ्या एका बाईला नवरा गेल्याचं असं गिऱ्हाइकासमोर कळलं, आणि बुरुलकाननं साहेबांपुढे टेबलावर हात आपटला.

"चांगली बातमी फोननं जाऊ दे! ती आणणारा बक्षीस मागतो, हसतो. वाईट बातमीला पाय लागतात, साहेब. दोन माणसं दाराशी जातात, आत बसतात, मग सांगतात. आपण काय रानटी आहोत?"

तेव्हापासून रुग्णानं इस्पितळात भरायच्या अर्जात एक रकाना वाढला: नातलगाच्या दाराशी कोण जाईल? मरणाचा निरोप आधी त्या माणसाला. त्यानं 'दाराशी पोचलो' असं कळवेपर्यंत घरच्यांचा निरोप अडवून ठेवायचा. नावं कुलूपबंद, बुरुलकानलासुद्धा दिसायची नाहीत. सहा तासांत उत्तर आलं नाही, तरच कुलूप उघडायचं आणि दुसरं माणूस शोधायचं. नियम तिचाच.

तिला स्वतःला एकच नातलग होता. डोंगरापलीकडे गावात एकटा राहणारा धाकटा भाऊ, मेदेरबेक. आईच्या वर्षश्राद्धाला ती एक दिवस उशिरा पोचली, तेव्हा तो भर अंगणात म्हणाला होता, "साऱ्या मुलखाचे निरोप पोचवतेस, आईचा तेवढा तुला पोचला नाही!" ती आल्या पावली टॅक्सीत बसून परत गेली. चार वर्षं झाली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, आणि ही दोघं तर एकाच सुंभाची.

पुढे त्याची मूत्रपिंडं बिघडली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो रक्त शुद्ध करून घ्यायला जिल्ह्याच्या गावी यायचा. तिनं गुपचूप 'रुग्ण आला' या बातमीसाठी नाव नोंदवलं. आठवड्यातून दोनदा फोन वाजायचा: आला. एवढा एक शब्द वाचून ती पाव खायला घ्यायची. भावाला वाटायचं, बहीण विसरली. खरं तर ती त्या शब्दावरच जगत होती. फोन करावा असं दर वेळी मनात यायचं आणि दर वेळी ती म्हणायची, पुढच्या शुक्रवारी.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी 'आला' आलं नाही. घाटात बर्फ पडलं असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण सकाळपासून जारचीत एक मरणाचा निरोपही अडकून पडला होता. दाराशी जाणारा उत्तरच देत नव्हता. तिनं त्याला तीनदा आठवण पाठवली.

"कोण मेला आळशी आहे हा!" ती करवादली. "चार पावलं चालायला पाय मोडलेत का? तिकडे कुणाचं तरी माणूस गेलंय!"

दुपारी दोनला सहा तास भरले. तिनं कुलूप उघडलं.

मयत: मेदेरबेक. कळवायचं कुणाला: थोरली बहीण, बुरुलकान. तिच्या दाराशी कोण जाईल: मेदेरबेक.

तिनं तिसरी ओळ पुन्हा वाचली. वेड्यानं स्वतःचंच नाव घातलं होतं. बहिणीच्या दाराशी भाऊ नाही जाणार तर कोण जाणार? अर्ज भरताना त्याला दुसरं सुचलंच नसेल. आणि अर्जाची तारीख भांडणानंतरची होती, चांगली आठ महिन्यांनंतरची. सकाळपासून तिनं शिव्या दिल्या त्या त्यालाच. त्याच्या उशाशी तीनदा वाजला असेल तो फोन.

यंत्रणा आता तिलाच विचारत होती: दुसरं माणूस कोण? बारा वर्षांत या शहरात आपल्या दाराशी येईल असं एकही नाव तिला आठवेना. तिला स्वतःची लाज वाटली.

ती कोट घालून खाली आली. कचेरीच्या दारात तुर्गुनबाय अवा, म्हणजे काका, चहा पीत बसला होता. म्हातारा पहारेकरी, रोज किल्ली घेताना तिला चिडवणारा.

"काय पोरी, आज उन्हातच घरी? कोण वाट बघतंय, मांजर?"

"मांजरपण नाही, अवा." ती तशीच उभी राहिली. "माझ्या घरी याल? मी पुढे जाते. तुम्ही मागून या, आणि दार वाजवा."

अवानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा खाली ठेवला. डोक्यावरची टोपी नीट केली.

"एकट्यानं जायचं नसतं. कोपऱ्यावरच्या नानवाल्याला सोबत घेतो." मग हळूच विचारलं, "कुणाचं सांगायचंय?"

"मेदेरबेकचं. माझा भाऊ."

"बरं. आणि कुणाकडून आलोय म्हणू?"

"त्याच्याचकडून."

ती घरी गेली. आतून कडी लावली, खुर्ची दाराकडे वळवली आणि हात मांडीवर ठेवून बसली. जिन्यावर दोन माणसांचे जड बूट वाजले. थांबले. दारावर थाप पडली.

"कोण?" तिनं विचारलं. या घरात हा शब्द तिला कधी लागलाच नव्हता.

"मेदेरबेककडून आलोय, पोरी," बाहेरून अवा म्हणाला. "दार उघड."