कोराडीच्या डॉक्टरबाई आणि माझ्या चौदा सुया

मला चावलेलं कुत्रं कॉलनीनं लाठ्यांनी मारून टाकलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

आज सकाळी आमच्या डॉक्टरबाई गेल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हापासून ते कुत्रंच डोळ्यांपुढे आहे.

सत्तरचं दशक संपत आलेलं. कोराडीची पॉवर स्टेशनची कॉलनी. बाबा बॉयलरवर शिफ्टला, मी चौथीत.

शेजारचे काका छाती फुगवून आले. "पोरीले चावलं न? घ्या, खतम केलं त्याले!"

कॉलनीच्या दवाखान्यात बाईंनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, मारलं कशाला? बांधून ठेवायचं होतं. दहा दिवस जगलं असतं तर पिसाळलेलं नव्हतं हे कळलं असतं. आता कसं कळणार?"

आता कळणारच नव्हतं. म्हणजे पोटात चौदा सुया.

आईनं जखमेवर भिवापूरची मिरचीपूड दाबून आणली होती. बाई साबणानं कितीतरी वेळ जखम धूत बसल्या. मी बोंबलत होते. आईला मात्र त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत.

आईला सुया नकोच होत्या.

"खापरखेड्याच्या एका पोराचे पाय गेले म्हणतात या सुयांनी. खरं आहे का बाई?"

मला वाटलं, आता बाई ओरडणार. अडाणीपणा, अफवा वगैरे. तेव्हा डॉक्टर लोक ओरडायचेच.

बाई म्हणाल्या, "त्या मुलाचं मला माहीत नाही. पण असं होतं. फार क्वचित, पण होतं. ही लस मेंढीच्या मेंदूपासून करतात, तिच्यामुळे कधी पाय लुळे पडतात. आणि सुया घेतल्या नाहीत अन् कुत्रं पिसाळलेलं निघालं, तर मुलगी हातची जाईल. त्यावर औषध नाही."

हे सगळं माझ्यासमोर!

आई रडायला लागली. "तुमची पोरगी असती तं?"

"दिल्या असत्या. आणि रोज घाबरले असते."

सुया सुरू झाल्या.

घरी वेगळीच परीक्षा. आई सारखा पाण्याचा पेला पुढे धरायची. "पी वं." कुत्र्याचं विष चढलं की पाणी गिळवत नाही, हे तिनं कुठंतरी ऐकलेलं.

मी प्यायचे, ती माझ्या गळ्याकडे टक लावून बघायची. त्या बघण्यानंच मला ठसका लागायचा. मग आम्ही दोघी गारठून एकमेकींकडे बघत राहायचो.

इतकी भीती मला नंतर कधीच वाटली नाही. बाळंतपणातही नाही.

आणि एका सकाळी डाव्या पायाला मुंग्या आल्या.

आई मला उचलून पळत सुटली. बाईंनी तळव्याला टाचणी लावली, गुडघा ठोकला, चालून दाखवायला सांगितलं.

"माझ्याच्यानं एकटीनं ठरवणं होत नाही. घाबरलेय मी. नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी येते सोबत."

कंपाउंडर बघतच राहिला. डॉक्टरनं असं बोलायचं असतं का!

बाबाही शिफ्ट सोडून आले. बसमध्ये माझा पाय बाईंच्या मांडीवर. चपलेला चिकटलेली पॉवर स्टेशनची राख त्यांच्या साडीला लागत होती. त्या एकेक बोट दाबून विचारायच्या, "हे कळतंय? आणि हे?"

कळत होतं. पण भीतीनं माझ्या तोंडून "हो" लवकर निघायचा नाही, आणि तेवढ्यात आईचा जीव वरखाली व्हायचा.

मोठ्या डॉक्टरांनी नीट तपासलं.

"आज तरी पायात दोष दिसत नाही. नुसता अवघडला असेल. पण पुढच्या सुईची हमी मी देत नाही. द्यायच्या की थांबायचं, तुम्ही ठरवा."

बाबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी आईकडे.

बोलली ती आई. सुयांना नको म्हणणारी माझी आई.

"बाई, तुम्ही आमच्यापासून काहीच लपवून नाही ठेवलं. द्या तुम्ही सुई. मी हिले धरते."

कोराडीला परत आल्यावर बाईंनी सिरिंज भरली. त्यांचा हात थरथरत होता. मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी किंचाळायच्या बेतात होते.

आईलाही दिसलं. मला धरायचं सोडून तिनं आधी बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. थरथर थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.

मग मला धरलं.

बाई, शेवटचा नमस्कार.

चौदाही सुया घेऊन दोन्ही पायांवर चालणारी, तुमची कोराडीची पोरगी.