चिपाडाचं छत

माझा स्वभाव तापट आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं दुसऱ्या कुणी सांगायला नको. शाळेत मुली मला टरकून असायच्या. घरी नवरा घाबरत नाही असं दाखवायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण कुणीतरी मला बघूनच केली असणार. माझे वडील, आमचे आबा, आमच्याकडं राहायला आले तेव्हाही मी अशीच होते. त्यांच्या खोलीच्या छताचं जे झालं त्याला आता बरीच वर्षं झाली.

नव्वदीच्या दशकात आम्ही मंगळवार पेठेतली भाड्याची जागा सोडून शहराच्या कडेला छोटं घर बांधलं. मी हायस्कूलला शिकवत होते, नवरा एसटीत कंडक्टर. आई गेली आणि आबा गडहिंग्लजकडच्या आमच्या गावात एकटे पडले, तेव्हा मी जाऊन त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. पण घरात त्यांना करमेना. सोफ्यावर बसायचे नाहीत, खाली फरशीवर बसायचे. हातातनं थेंबभर पाणी सांडलं तरी आधी माझ्याकडं बघायचे. चार-पाच महिन्यांनी एकदा हळूच म्हणाले, "बाई, मागं परसात एक खोली घालूया का? माझा मी ऱ्हाईन. आतनं कडी लावाय येईल आशी."

गावच्या घराला दार होतं, पण ते नऊ माणसांचं दार. बाकी आयुष्य कुणाच्या तरी शेडात, कुणाच्या तरी बांधावर गेलेलं. पासष्टी ओलांडल्यावर माणसाला स्वतःची कडी पाहिजे होती. मी नाही कशी म्हणणार?

खोली आम्हीच बांधली. आबा रोज, नवरा सुट्टी असेल तेव्हा, आणि मी रविवारी घमेली उचलायला. दहा बाय बारा, पेरूच्या झाडाला खेटून. स्लॅब पेलेल असा पाया काढला नव्हता, म्हणून वर लोखंडी अँगल आणि पत्रे. उतार इतका कमी की लांबून छत सपाटच दिसायचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावून, वंदना म्हणून आबा थंडीत आत राहायला गेले. पहिल्या दिवशी त्यांनी कडी चारदा लावून काढून बघितली, आणि मी ओरडले, "आबा, ती मोडायची आहे का?"

एप्रिल आला आणि खोलीची भट्टी झाली. सपाट पत्रा, दिवसभर डोक्यावर ऊन. दुपारी आबा शेजारच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचे, आणि शाळेतनं येताना मला ते रस्त्याच्या कडेला बसलेले दिसायचे. लोक काय म्हणतील, लेकीनं बापाला बाहेर काढलं? माझ्या डोक्यात तिडीक जायची. नवरा म्हणाला, थर्माकोल लावू. आबा म्हणाले, "चिपाड घालूया की."

चिपाड म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरतो तो वाळका चोथा. आबांचं सगळं आयुष्य गुऱ्हाळावर चिपाडातच गेलं. चिपाड वाळवायचं, रचायचं, गूळ आटवायच्या काहिलीखालच्या चुलवणात घालायचं. गुळाला मात्र त्यांना हात लावायची मुभा नव्हती. आम्ही ज्या जातीतनं बाहेर पडून बौद्ध झालो, त्या जातीच्या माणसानं जाळापुरतं यायचं, असा रिवाज होता. आणि आता तेच चिपाड माझ्या घरात! मी म्हटलं, "आबा, शिकल्यासवरल्या माणसांचं घर आहे हे."

पण उन्हापुढं माझं काही चाललं नाही. आबांनी कसं करायचं ते पेरूखाली काडीनं मातीत रेघा मारून दाखवलं. "पत्र्याखाली लाकडी रिपा मारू, रिपांना बुरडाच्या बांबूच्या तट्ट्या. तट्ट्यांवर वीतभर चिपाड. आन् चिपाडाच्या वर, पत्र्याच्या खाली, चार बोटं जागा मोकळी सोडायची. ह्या भिंतीत वर दोन भोकं, त्या भिंतीत दोन. वारा हिकडनं शिरला की तिकडनं भाईर. चिपाडाला वारा न्हाय मिळाला तर ते काळं पडतंय बग, कुजतंय."

मे महिन्यात त्यांनी ते सगळं स्वतःच्या हातानं केलं. भोकांना आतनं बारीक जाळी लावली, चिमण्या शिरू नयेत म्हणून. आणि काय सांगू, खोली खरंच गार झाली. भर दुपारी आत शिरलं की अंगावरचा घाम वाळायचा. नवऱ्यानं तर तिथंच दुपारची झोप सुरू केली. मी तोंडानं कबूल केलं नाही, पण मला कौतुक वाटलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका घर बघायला आल्या. आबांनी हौसेनं त्यांना खोली दाखवली. चिपाड, वारा, चार बोटं जागा, सगळं. त्यातल्या एकीनं विचारलं, "म्हणजे तुम्ही गूळ करायचा का, आजोबा?" आबा सरळ म्हणाले, "न्हाय न्हाय. गुळाला हात लावू देत न्हवती की आमाला. आमी जाळापुरतं." दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि मग चहा फार छान झालाय असं म्हणाल्या.

मी कोण आहे हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण मी कधी बोलत नव्हते, त्या कधी विचारत नव्हत्या, असं दहा वर्षं चाललं होतं. त्या गेल्यावर मी आबांना नाही नाही ते बोलले. "कुणी विचारलं होतं तुम्हाला? तोंडाला काही कुलूप?" मला लाज त्यांची वाटली, आणि त्यांची वाटली म्हणून स्वतःची वाटली, आणि ह्या सगळ्याचा मिळून राग झाला. तो राग मी पुढं कित्येक दिवस भांड्यांवर काढत होते.

जुलैत पन्हाळ्याकडून पाऊस असा चालून आला की आठवडाभर उघडीप नाही. पश्चिमेच्या भिंतीतल्या भोकांतनं झड आत यायला लागली. भिंतीवर ओल्या रेघा उतरल्या, चुना फुगला. मी म्हटलं, "बुजवून टाकू." आबा म्हणाले, "वरनं पत्र्याचं टोपरं लावू भाईरनं. बुजवू नगो. वाट ऱ्हाऊ दे वाऱ्याला." मी म्हणाले, "तुमचं गुऱ्हाळ नव्हे हे." हे वाक्य मी माझ्या बापाला म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. मी स्टूल घेतलं, विटांचे तुकडे आणि कालवलेलं सिमेंट घेतलं, आणि बाहेरनं चारही भोकं बुजवली. पश्चिमेची दोन बुजवली असती तर एक वेळ समजलं असतं. पूर्वेची का बुजवली? त्या बाजूनं पाऊस येतच नव्हता. रागानं बुजवली, दुसरं काय!

आबांनी ते बघितलं असणार, पण एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, पटलं वाटतं एकदाचं.

गणपतीच्या दिवसांत त्यांना खोकला लागला. खोलीत आंबूस वास यायचा. मी म्हणायचे, तुमच्या बिड्यांचा आहे, आणि फिनेलनं फरशी पुसायचे. बिड्या त्यांनी सोडल्या, वास राहिला. चादरीवर काळसर भुकटी पडायची, ती मी झटकून टाकायचे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तशी ती भुकटी वाढली, आणि आबांचा दमही. संडासापर्यंत जाऊन आले की दाराला धरून उभे राहायचे. संध्याकाळी अंग तापायचं. दवाखान्यात टीबीची तपासणी झाली, ती नाही निघाली. मग दम्याचं औषध, मग पंप. पालथ्या घड्यावर पाणी.

मध्ये ते दहा दिवस गावी जाऊन आले आणि तिथं खोकला पार गेला. आले आणि दोन दिवसांत पुन्हा सुरू. तेव्हा मी काय म्हणावं? "गावात बरं वाटतं आणि लेकीच्या घरी आलं की खोकला. नाटकं आहेत सगळी." नवरा म्हणाला, "अगं, जरा जिभेला हाड असू दे." मी त्यालाही सोडलं नाही.

शेवटी फेब्रुवारीत एका वयस्क डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छाती तपासली, एक्स-रेचा फोटो बघितला, आणि आबांना विचारलं, "काय पावणं, काम कसलं करता?" आबा म्हणाले, "गुऱ्हाळावर हुतो. आता काय न्हाय." डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "गावात बरं वाटतं म्हणताय. मग गावात नाही आणि ह्यांच्या खोलीत आहे, असं काय आहे ते शोधा. ओल, बुरशी, कुजलेलं काही?" मी म्हटलं, "खोली एकदम स्वच्छ आहे." आबा जमिनीकडं बघत होते.

घरी आले, पर्ससुद्धा ठेवली नाही. सरळ स्टुलावर चढून कोपऱ्यातली तट्टी उचकटली. वरनं ढेकूळ पडलं. वरचा भाग काळा, खालचा पांढरट, केसाळ. धूर उठावा तशी त्यातनं भुकटी उठली आणि मला ठसका लागला. मला एका ठसक्यात जे झालं ते माझा बाप सात महिने नाकातोंडात घेत होता, आणि मी त्याला नाटकी म्हणत होते.

आबांना पुढच्या खोलीत झोपवलं. तोंडाला ओले टॉवेल बांधून मी आणि नवऱ्यानं सगळं चिपाड उतरवलं, पोत्यात भरलं, लांब माळावर नेऊन टाकलं. भोकं मी छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः फोडली. नवरा मदतीला आला तर मी त्याला हात लावू दिला नाही. पश्चिमेच्या भोकांना बाहेरनं पत्र्याची टोपरी लावली, पत्र्यावर चुना मारला, खाली नुसत्या तट्ट्या ठेवल्या. खोली उन्हाळ्यात थोडी तापायची, पण वारा खेळायचा. खोकला कमी झाला. छातीतली ताकद मात्र परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेला. आबा त्यानंतर दोन वर्षं जगले, तीन पायऱ्यांवर तीनदा थांबत.

त्या दोन वर्षांत मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं. आधी धीर झाला नाही, मग वाटलं, सांगून काय उपयोग. शेवटच्या थंडीत एका सकाळी ते उन्हात बसून बशीतनं चहा पीत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "आबा, ती भोकं मी बुजवली होती. चारही."

"ठावं हाय की. मी कुठं झोपलो हुतो?"

"मग चिपाड कुजणार हे पण ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय. वास यायचा की. काळ्या चिपाडाचा वास मला न्हाय कळणार?"

"मग बोलला का नाही?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला, श्वास जमवला. "बोलणार हुतो बाई. पर तू रागात हुतीस. म्हटलं, राग जाऊ दे, मग सांगू."

"मग?"

"मग राग गेलाच न्हाय की तुजा."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस लांबला, असं सांगावं तसं सांगितलं. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आबांनी घाईनं बशी खाली ठेवली, हात मांडीवर घेतले, आणि मी ओरडायची वाट बघत माझ्याकडं बघत राहिले.